तपासता न आलेली फाइल

दिगूदादा गेल्याचं मला मासळी घेताना कळलं. सकाळी लालबागच्या बाजारात बांगडे निवडत होते. माझी नेहमीची कोळीण, शीव कोळीवाड्याहून येते ती, पाटीवर पाणी शिंपडता शिंपडता म्हणाली, "बाय, तुमचे कॉम्प्युटरवाले गेले म्हनं पहाटे." मी विचारलं, कोण कॉम्प्युटरवाले? जशी काही माझ्या ओळखीत अशी पाचपन्नास माणसं होती. हातातला बांगडा पाटीत ठेवला आणि रिकामी पिशवी घेऊन तशीच परळच्या हॉस्पिटलात गेले. आदल्याच संध्याकाळी मी त्याच्याजवळ बसले होते. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, तो बोटानं खाली ओढून त्यानं विचारलं, "शनिवारचं स्कॅन केलंस?" मला राग आला. माणूस खाटेवर पडलाय, धड श्वास घेता येत नाही आणि चौकशी कसली, तर दुकानातल्या कॉम्प्युटरची. म्हटलं, केलं. "रिपोर्ट वाचलास?" म्हटलं, त्यात काय वाचायचं, नेहमीचाच आहे. तो माझ्याकडे बघत राहिला. मग मास्क पुन्हा लावला आणि भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, थकला.

पेपरच्या या पुरवणीसाठी दिगंबरवर, म्हणजे आमच्या दिगूदादावर लिहा, असा फोन मला त्याच्या बाराव्याच्या आसपास आला. लालबाग-परळात त्याला न ओळखणारं माणूस शोधून काढावं लागेल. लग्नाच्या पत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, तेराव्याची कार्डं, सगळं त्याच्या दुकानात टाइप होऊन छापायला जायचं. त्या दुकानात मी वीसेक वर्षं मराठी टायपिंग केलं, तेव्हा त्याला माझ्याइतकं जवळून कुणी पाहिलेलं नाही असं सगळे समजत होते. मीही तसंच समजत होते. पहिला लेख मी एका बैठकीत लिहून काढला. त्यात संप होता, निष्ठा होती, मित्राच्या घराला दिलेला आधार होता, आणि खरं सांगायचं तर त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. तो मी पाठवला नाही. हा दुसरा लेख आहे आणि तो घरात वाचून दाखवून मगच पाठवतेय.

दिगूदादा म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, मोहनचा, मित्र. दोघं एकाच गिरणीत, शेजारशेजारच्या साच्यांवर. साचा म्हणजे माग, हे आता सांगावं लागतं. संप सुरू झाला तेव्हा मी नुकतं कॉलेजात पाऊल टाकलं होतं आणि मोहनचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. पहिले काही महिने चाळीत उत्सव असल्यासारखं वाटायचं. मग एकेका खोलीला कुलूप लागायला लागलं, माणसं गावी गेली, पितळेची भांडी मोडीत गेली. माझी वहिनी, म्हणजे मोहनची बायको, लोकांचे डबे करून द्यायला लागली. वर्ष उलटलं तसे काहीजण गुपचूप कामावर जायला लागले. उजाडायच्या आत गिरणीच्या मागच्या दारानं गाडी आत शिरायची, कोण बसलंय ते दिसू नये म्हणून वरून ताडपत्री टाकलेली. मोहन ती अडवणाऱ्यांतला. हात त्यानं कधी उगारला नाही. तो गाडीसमोर उभा राहायचा आणि आतल्या माणसांना नावानं हाका मारायचा. "ए भिकू, ए सदा, उतर खाली. मी आहे." शिव्या दिल्या असत्या तर कुणी उतरलं नसतं, पण नावानं हाक मारली की माणूस मान खाली घालून उतरायचा. आई त्याला म्हणायची, एवढा पुढे पुढे करू नको रे बाबा, कुणाच्यातरी डोळ्यात खुपशील. पौषातल्या एका पहाटे तो चहा पिऊन, मफलर गुंडाळून बाहेर पडला आणि परत आला नाही.

परत आला नाही म्हणजे काय, ते ज्याच्या घरी घडलंय त्यालाच कळतं. कुणी म्हणालं, भिवंडीला मागावर दिसला. कुणी म्हणालं, सुरतेला. कुणी तर म्हणालं, घाबरून गावी पळाला, जणू गावी आमचं कुणी नव्हतंच विचारायला. पोलिसांनी नोंद केली आणि काही कळलं की सांगू म्हणाले. दिगूदादा माझ्याबरोबर सगळीकडे फिरला, चौक्या, हॉस्पिटलं, भिवंडीचे कारखाने. आई वाट बघता बघता गेली. वहिनीचं तर काय सांगू? नवरा मेला म्हणावं तर प्रेत नाही, जिवंत म्हणावं तर पत्ता नाही. कुंकू तसंच राहिलं, मंगळसूत्र तसंच राहिलं. पितृपक्षात आमच्याकडे आई-बाबांचं पान वाढलं जायचं, मोहनचं नाही. त्याचं वाढायचं म्हणजे तो मेला असं आपणच ठरवायचं, आणि ते कुठल्या तोंडानं ठरवणार? तिथी तरी कोणती धरणार? वहिनीला हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं, पण ओटी भरताना बायका एकमेकींकडे बघायच्या. या सगळ्या वर्षांत वहिनीला एकच गोष्ट हवी होती, मोहनचं काय झालं हे कुणीतरी सांगावं. वाईट असलं तरी चालेल, पण सांगावं.

वहिनीला भाऊ नव्हता, म्हणून मोहन गेला त्या वर्षापासून दिगूदादा भाऊबीजेला आमच्याकडे येऊ लागला. पाटावर बसायचा, ओवाळून घ्यायचा, पण समोरच्या फराळाला कधी हात लावायचा नाही. अगदीच आग्रह केला तर लाडू कागदात बांधून न्यायचा. "लाजता मेलो," वहिनी म्हणायची. ती मालवणची, तिनं आपली भाषा कधी सोडली नाही. पुढे गिरणी पुन्हा चालू झाली, त्यालाही बोलावणं आलं, पण तो गेला नाही. मोहन नाही, तर मी कुठल्या तोंडानं जाऊ, म्हणाला. साऱ्या चाळीनं त्याला नावाजलं. त्यानं लग्नही केलं नाही. आधी एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागला, खिळे गेले आणि कॉम्प्युटर आला तेव्हा तो शिकला, आणि चिवडा गल्लीच्या मागे तळमजल्यावरची एक खोली घेऊन स्वतःचं दुकान टाकलं. मला बोलावून घेतलं. आमच्या घरची चूल त्यावर बरीच वर्षं पेटली, हे मी आजही नाकारणार नाही.

गिरण्यांच्या जागी मॉल उठायला लागले तेव्हा कॉलेजची मुलं म्हाताऱ्या कामगारांच्या मुलाखती घ्यायला येऊ लागली. म्हातारे त्यांच्यासमोर सभेतल्यासारखे बोलायचे, आणि मुलं गेली की दुकानात येऊन खरं बोलायचे. कोण ताडपत्रीखाली बसून आत गेलं, कुणी कुणाचं डोकं फोडलं, कुणी कुणाचं नाव फोडलं. दिगूदादानं एक माइक आणला आणि म्हणाला, इथं बोलून ठेवा, कधीतरी कुणालातरी कळायला हवं. पण पद्धत त्याची. तो रेकॉर्डिंग चालू करून द्यायचा आणि आम्ही दोघं बाहेर पायरीवर बसायचो. आत बोलणारा एकटा. बोलून झालं की फाइल पासवर्डनं बंद करायची, आणि तो पासवर्ड बोलणाऱ्यानं स्वतः टाइप करायचा. तेवढा वेळ दिगूदादा खिडकीकडे तोंड करून उभा. मारणारा आणि मार खाणारा एकाच चाळीत भिंतीला भिंत लावून राहत होते, तेव्हा दुसरा इलाजही नव्हता. "झाकली मूठ सव्वा लाखाची, शैले," मला म्हणायचा. "ज्याची मूठ त्यानंच उघडायची."

आता गिरणी कामगाराला पासवर्ड घाल म्हटलं तर तो काय घालणार? बिल्ला नंबर. बायकोचं माहेर विसरेल, पण गिरणीच्या बिल्ल्यावरचा नंबर मरेपर्यंत पाठ. आबा म्हणून साचाखात्यातले जुने जॉबर, म्हणजे मुकादम होते. ते एका बोटानं एकेक आकडा दाबत होते आणि दाबताना मोठ्यानं म्हणतही होते, बाहेर पायरीवर मला सगळा ऐकू आला. दिगूदादानं कपाळावर हात मारला. "आबा, अहो अख्ख्या गल्लीला चावी वाटलीत." आबा म्हणाले, "मग दुसरं काय घालू रे? दुसरं काय लक्षात राहतंय आता?" आम्ही पोट धरून हसलो. झाडून सगळ्यांनी तेच केलं असणार हे आम्हाला ठाऊक होतं. निघताना आबांनी चपला घालत विचारलं, "दिगू, तू नाही बोललास काही?" तो म्हणाला, "माझं काय आहे बोलण्यासारखं?" आणि आबांना रस्ता ओलांडून द्यायला गेला.

कुणी बोलून गेलं की मी न चुकता विचारायचे, मोहनचं काही निघालं का? तो म्हणायचा, "मी ऐकतच नाही, तर मला काय कळणार?" हे बोलताना तो माझ्याकडे बघत नसे. पण तो तसा कुणाकडेच फारसा बघायचा नाही, नजर सारखी दाराकडे असायची, म्हणून मला त्यात वावगं वाटलं नाही.

मंडळाचे कार्यकर्ते पेनड्राइव्हवर फोटो आणायचे आणि त्याबरोबर व्हायरसही. एकदा ऐन गणपतीच्या तोंडावर अख्खी स्मरणिका उडाली, तेव्हापासून अँटिव्हायरस बसवला आणि दर शनिवारी दुपारी स्कॅन चालवायचं काम माझ्याकडे आलं. स्कॅन संपलं की रिपोर्ट यायचा. वर लिहिलेलं, धोका नाही. खाली पिवळ्या खुणा केलेली यादी, या फायलींना पासवर्ड आहे, त्या तपासता आल्या नाहीत. आबांची फाइल, भिकूची, सदाची, ज्यांची त्यांची नावं. आणि सगळ्यांच्या वर एक फाइल होती तिला नावच नव्हतं, नुसती रेघ. मी विचारलं, ही कुणाची? म्हणाला, "माइकची टेस्ट आहे ती." म्हटलं, टेस्टला कुलूप कशाला लागतं? "राहू दे ना." मी चिडून म्हटलं, आत व्हायरस असला म्हणजे? तेव्हा तो म्हणाला, "तपासता आली नाही, एवढंच सांगतोय तो. वाईट आहे असं कुठं म्हणतोय?" आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला. स्कॅन लावलं की तो नेहमीच बाहेर जायचा. मी आपली समजूत करून घेतली होती की याला कॉम्प्युटरची घरघर सोसत नाही.

पण एक गोष्ट मला खटकायला लागली होती. माइकची टेस्ट एकदा होते. या फाइलीची तारीख मात्र बदलायची. दिवाळी झाली, भाऊबीज झाली की पुढच्या शनिवारी ती फाइल नवी झालेली असायची, थोडी वाढलेलीही. आत काय आहे ते पासवर्डशिवाय दिसत नाही. दिगूदादाच्या नकळत कुणीतरी येऊन त्या खोलीत बसतंय की काय, असंही एकदा मनात आलं... मी त्याला विचारलं नाही. हळूहळू बोलून गेलेले म्हातारे एकेक करून गेले. आबा गेले, भिकू गेला, सदा गेला. यादी तेवढीच राहिली. दर शनिवारी मेलेल्या माणसांची नावं पिवळ्या खुणांसकट माझ्यासमोर यायची आणि सगळ्यांच्या डोक्यावर ती रेघ. त्या खोलीत एकटीनं बसायला मला नको वाटायला लागलं होतं. मी दुपारचं दार उघडं ठेवायचे.

दिगूदादा गेला तेव्हा वहिनी लहान मुलीसारखी रडली. "माजो भाऊस गेलो," एवढंच म्हणत होती. त्याला मूल ना बाळ, तेव्हा दरवर्षी त्याच्या तिथीला आपणच पान वाढायचं, असं तिनं मला तेराव्याला बजावलं. दुकानाची चाळ पुनर्विकासात निघाली होती. त्याचा भाचा विरारहून खोली रिकामी करायला आला आणि म्हणाला, "मावशी, कॉम्प्युटर नेताय का? नाहीतर भंगारात देतो." मी हातगाडीवर घालून तो घरी आणला, जेवणाच्या टेबलावर मांडला. दुपारची वेळ, वहिनी आत आडवी झाली होती. दिवस नेमका शनिवारचा, हात आपोआप स्कॅनवर गेला. रिपोर्ट आला. धोका नाही. खाली पिवळी यादी, वर ती रेघ. हॉस्पिटलात त्यानं विचारलं होतं, रिपोर्ट वाचलास? मी पहिल्यांदा तो नीट वाचला.

बाकीच्या फायलींना मी हात लावला नाही, लावणारही नाही. ज्यांच्या आहेत त्यांच्या मुलांनी यावं, त्यांच्या घरचे बिल्ले त्यांच्याकडे असतील. या फाइलीवर मात्र बोट ठेवलं. दिगूदादाचा बिल्ला नंबर मला माहीत होता, तो घातला. चूक. त्याच्या आईचं नाव घातलं. चूक. मग माझ्या हातांनी मोहनचा नंबर टाइप केला. तो आमच्या घरात सगळ्यांना पाठ, वहिनी तो बिल्ला चिंचेनं घासून देव्हाऱ्यात ठेवते. फाइल उघडली. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी माउसवरचा हात काढून घेतला. मी स्वतःलाच म्हटलं, अगं, मित्राचा नंबर घातला बिचाऱ्यानं, यात काय एवढं?

आत बरीच रेकॉर्डिंग होती, वर्षाला एक. पहिलं लावलं. खुर्ची सरकली, तो खाकरला, आणि म्हणाला, "वहिनी, आज तू मला ओवाळलंस..." पुढे काही नाही, नुसता पंख्याचा आवाज. दुसऱ्यात "वहिनी, मोहन..." आणि बंद. एकात तर शब्दच नाही, कागद चुरगाळल्याचा आवाज आहे, लाडवाचा कागद असावा. मी एकेक लावत गेले. हा माणूस दर भाऊबीजेला आमच्या पाटावरून उठून थेट दुकानात जात होता, दार लावून माइकसमोर बसत होता, आणि एक वाक्य त्याला पुरं करता येत नव्हतं. शेवटचं रेकॉर्डिंग गेल्या दिवाळीचं, ते मात्र पुरं आहे.

"वहिनी, त्या दिवशी गाडीत मी बसणार होतो. बाबा अंथरुणाला खिळले होते, घरात दाणा नव्हता, मी आत जायचं कबूल केलं होतं. भीती एकच होती, मोहन मला नावानं हाक मारील. मला ती ऐकवली नसती. ज्यांनी गाडी ठरवली होती त्यांना मी सांगितलं, तो रेल्वेच्या भिंतीकडच्या बोळातून एकटा येतो, गाडी आत जाईस्तोवर त्याला अडवून धरा. फक्त अडवून धरा, म्हटलं होतं. मी गाडीची वाट बघत कोपऱ्यावर उभा होतो. त्यांनी डोक्यात घातलं. तो पडला तिथंच गेला, वहिनी. मी बघितलं. मग त्याला उचलून त्यांच्या दुसऱ्या गाडीत टाकलं आणि ती माझगावकडे गेली, गोदीच्या बाजूला. मी गिरणीत पुन्हा गेलो नाही कधी. तुम्ही सगळे मला चांगला म्हणत राहिलात..."

मला काय वाटलं ते सरळ सांगते. तो जिवंत असता तर मी त्याच्या तोंडात मारली असती. मी भिवंडीत दारोदार मोहनचा फोटो दाखवत फिरत होते आणि हा शेजारी पिशवी धरून उभा होता. आई शेवटच्या दिवसांत त्यालाच विचारायची, दिगू, येईल ना रे तो? आणि हा म्हणायचा, येईल, काकी. सगळं माहीत असून म्हणायचा. एवढा राग येऊनही, ती अर्धवट रेकॉर्डिंग आठवून माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते कुणासाठी होतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आवाज मी मोठा ठेवला होता, हे वहिनी दारात येऊन उभी राहीपर्यंत मला कळलं नाही. झोपेतून उठून आली होती, तोंडावर हसू होतं. "दिगूचो आवाज इलो," म्हणाली. "काय सांगता तो?" मी माउस धरून तशीच बसले. काही नाही गं, जुनं काहीतरी, म्हणणं सोपं होतं, जिभेवर आलंही होतं. तिच्या कपाळाकडे मला बघवेना. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिचं हसू गेलं. खुर्ची ओढून ती माझ्या शेजारी बसली.

"पयल्यापासून लाव," म्हणाली.

मी लावलं. ती हात मांडीवर ठेवून ऐकत राहिली. संपल्यावर पंख्याचा आवाज येत होता तो मी बंद केला. "म्हणजे त्याच दिसाक गेलो," ती म्हणाली. मी हो म्हटलं. मग ती म्हणाली, "त्या दिसाक तिथी खयची होती, बघ." तारीख आम्हा दोघींना कधी विसरताच आली नव्हती. मी फोनवर पंचांग काढून बघितलं आणि सांगितलं, पौष वद्य षष्ठी. वहिनीनं ते तोंडातल्या तोंडात दोनदा म्हटलं. या पौषात मोहनचं पान वाढायचं म्हणाली, भात, वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, त्याला आवडायची ती. पंचांग हातात उघडंच होतं, म्हणून मी तशीच पुढे दिगूदादाची तिथी शोधायला लागले. वहिनीनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"दिगूची नको," ती म्हणाली. "तेची माका सांगू नको."